शाकारणी वर्षातून एकदा

संगणक घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. किंमत किती, रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, आणि मराठी टायपिंग होईल ना. हा संगणक चालता ठेवायला दर महिन्याला कोणाचे किती तास जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. दुकानदारही आपण होऊन सांगत नाही, कारण ते तास त्याच्या बिलात येत नाहीत. ते कुठल्याच बिलात येत नाहीत. कोणाच्या तरी संध्याकाळीतून, रविवारातून गुपचूप कापले जातात. या पुस्तिकेची पुढची सगळी पाने त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी खर्च झाली आहेत, आणि त्यातून निघालेले मत इथे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचनालयाने, शाळेने, पतसंस्थेने, आंब्याच्या व्यापाऱ्याने आणि घरात दोघेच राहणाऱ्या आजी-आजोबांनी कमी देखभालीची ऑपरेटिंग सिस्टीमच निवडावी. खटपटीची सिस्टीम जास्त वेगवान असेल, जास्त देखणी असेल, शिकवणारीही असेल. तरीही नको.

हे मत पुण्याच्या किंवा बंगळूरच्या वाचकासाठी मी इतक्या ठामपणे मांडले नसते. रत्नागिरीसाठी मांडतो, याचे कारण जनगणनेत आहे. २००१ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशभर माणसे वाढत असताना इथे ती कमी झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. चाकरमानी मुंबईला असतो, ही गोष्ट कोकणात कोणाला आकड्याने सांगावी लागत नाही. पण संगणकाच्या बाबतीत तिचा अर्थ कोणी लावत नाही. अर्थ असा, की घरातला किंवा वाडीतला ज्याला हे यंत्र उघडून बघता येते तो माणूस बहुतेक वेळा साडेतीनशे किलोमीटरवर असतो. तो गणपतीला येतो. हौसेने जुन्या संगणकावर नवी सिस्टीम चढवतो, तिला आपल्या पसंतीचे रूप देतो, चार आज्ञा कागदावर लिहून ठेवतो आणि गौरी-गणपती पोहोचवून परतीची गाडी धरतो. मार्गशीर्षात कधीतरी पडदा काळा होतो आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटतात. मग फोनवर एक माणूस ती अक्षरे एकेक करून वाचून दाखवतो आणि दुसरा, लोकलच्या गर्दीत उभा राहून, पुढे काय टाइप करायचे ते सांगतो. ‘मधे जागा सोडायची की नाही?’ या प्रश्नावर असे फोन दहा-दहा मिनिटे अडतात. सिस्टीम बसवली त्या संध्याकाळी ती किती चांगली होती, याला या क्षणी काडीची किंमत नसते. बसवणारा गावात नसताना ती कशी वागते, तेवढेच मोजायचे.

देखभालीचा हा हिशोब कोकणाला नवीन नाही. कौलारू घर दर वर्षी मृगाआधी शाकारावे लागते. माकडांनी फोडलेली कौले बदलायची, सरकलेली बसवायची, कोने नीट करायचे, कुजलेली रीप काढायची. दोन-चार दिवसांचे काम, पण ते आगोटीलाच व्हायला हवे आणि हात बसलेल्या माणसानेच करायला हवे. नवखा छपरावर चढला तर दुरुस्त करील त्याहून जास्त कौले पायाखाली फोडील. गेल्या काही दशकांत गावोगाव कौले उतरवून पत्रे चढले ते काही पत्रा सुंदर दिसतो म्हणून नव्हे. पत्र्याखाली वैशाखात जीव नकोसा होतो आणि आषाढात शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. लोकांना हे ठाऊक होते, तरी त्यांनी पत्रा घातला, कारण शाकारणारा मिळेनासा झाला होता. यावर हळहळणारे लेख पुष्कळ निघाले. त्या निर्णयातला शहाणपणा फारसा कोणी लिहून ठेवला नाही: घर कसे बांधायचे हे ते सांभाळणारे हात किती आहेत त्यावर ठरते.

इथे एक गैरसमज लगेच बाजूला करायला हवा. कमी देखभाल म्हणजे देखभाल नाही, असे नव्हे. ‘चाललंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण म्हणजे छपराकडे वीस वर्षे न बघणे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच, दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. म्हणून चांगल्या सिस्टीमची माझी कसोटी दुहेरी आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिने आपण होऊन, कोणाला न विचारता घ्याव्यात. आणि माणसाची गरज लागेल असे मोठे काम ठरलेल्या वेळी, आधी तारीख सांगून, दोन-तीन वर्षांतून एकदा काढावे. शाकारणीसारखे.

या कसोटीवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्याच घराण्यातल्या दोन शाखा किती वेगळ्या निघतात ते पाहण्यासारखे आहे. एका बाजूला आर्च लिनक्ससारख्या सिस्टीम. २००२ पासून चालत आलेल्या या सिस्टीमला ठरावीक आवृत्ती अशी नसतेच. नवे घटक तयार झाले की थोडीफार चाचणी होऊन ते रोज वाहत येतात. अपडेट करण्याआधी संकेतस्थळावरच्या सूचना वाचा, असे आर्चची मंडळी स्वतःच बजावतात, आणि अर्धवट अपडेटला आधार नाही हेही स्पष्ट सांगतात. लबाडी कुठेच नाही. ज्याच्यासाठी ही सिस्टीम आहे त्याला हे सगळे मान्यच असते. पण समजा, शाळेचा संगणक एप्रिलमध्ये बंद झाला आणि जूनच्या मध्याला, कदाचित पावसाने तार तुटली म्हणून जुलैत, उघडला. दरम्यान घटकांवर सही करणाऱ्यांच्या किल्ल्या बदलल्या किंवा त्यांची मुदत सरली, तर हा संगणक नव्या घटकांची सही ओळखत नाही आणि अपडेट नाकारतो. आधी किल्ल्यांचा जुडगा नवा करायचा आणि मग बाकीचे, हे माहीत असलेल्याला दोन मिनिटांचे काम आहे. माहीत नसलेल्या मुख्याध्यापकांना ते यंत्र बिघडलेले वाटते. त्यांच्या दृष्टीने ते बिघडलेलेच असते.

दुसऱ्या बाजूला डेबियनची स्थिर आवृत्ती, उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या आणि त्यांवर उभा असलेला लिनक्स मिंट. डेबियन १९९३ पासूनचा. त्याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. उबंटूचीही दीर्घ आधाराची आवृत्ती दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. या काळात घटकांचे रूप बदलत नाही, फक्त भोके बुजवली जातात. उबंटूत सुरक्षेच्या दुरुस्त्या मुळातच आपोआप बसतात. आता याला ‘शिळी सिस्टीम’ म्हणून हिणवण्याची हौशी मंडळींत रीत आहे. तिला २०२४ च्या मार्चमध्ये एक चोख उत्तर मिळाले. एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या एका छोट्या घटकाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कोणीतरी, दोनेक वर्षे विश्वास संपादन करून, चोरदरवाजा घुसवला होता. रोज ताजे घेणाऱ्या सिस्टीमपर्यंत या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनीच एक्सझेड होती. तिथे तो चोर पोहोचलाच नाही. यावरून नवे ते वाईट असा सिद्धांत मी काढत नाही. नव्याची चव आधी दुसऱ्याने घेतलेली बरी, एवढेच म्हणतो.

रत्नागिरीचा दुसरा विशेष म्हणजे वीज. जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड तारेवर पडते आणि दिवे जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. यूपीएसची बॅटरी दमट, खारट हवेत अपेक्षेच्या आधी मान टाकते. अशा ठिकाणी सिस्टीम अपडेट होत असताना अर्ध्यात वीज गेली तर काय होते, हा प्रश्न वेगाच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोठा आहे. डेबियनच्या घराण्यात बहुधा असे होते: घटक बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्राम पुढच्या वेळी ‘मला मध्येच थांबवण्यात आले, अमुक आज्ञा हाताने चालवा’ असा संदेश देतो. आज्ञा त्या संदेशातच लिहिलेली असते, ती चालवली की बहुतेकदा गाडी रुळावर येते. पण ती कोणीतरी चालवावी लागते. क्रोमबुकवरच्या क्रोमओएसमध्ये हीच अडचण मुळातून टाळलेली आहे. तिथे सिस्टीमच्या दोन प्रती दोन वेगळ्या कप्प्यांत असतात. आपण एकीवर काम करत असतो तेव्हा अपडेट दुसरीवर उतरते. पुढच्या वेळी संगणक नव्या प्रतीवरून उठतो, आणि ती नीट उठली नाही तर आपण होऊन जुन्या प्रतीकडे परततो. वीज मध्येच गेली तर बिघडली ती वापरात नसलेली प्रत. फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या लिनक्सनीही याच जातीचा मार्ग धरला आहे. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती सिस्टीमचे जुने चित्र जपून ठेवते. मात्र ती एकदा बसून चालू करून द्यावी लागते. गणपतीला आलेल्या पुतण्याकडून करून घ्यायचे काम हेच. रंगीत डॉक आणि पारदर्शक खिडक्या त्याने आपल्या लॅपटॉपवर कराव्यात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की लिनक्सचा हा सगळा खल हवा कशाला, विंडोज सगळ्यांना येते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, आणि त्यातून शिकलेल्या पिढ्यांच्या डोळ्यांत संगणक म्हणजे विंडोज. चिपळूण, खेड, रत्नागिरीच्या बाजारात विंडोज पुन्हा बसवून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. दुरुस्त करणारा जवळ असणे हीच तर माझी कसोटी. पण विंडोज कमी देखभालीची आहे हे गृहीत तपासून घ्यायला हवे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेले, आजही धडधाकट चालणारे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या नियमाने वर चढू शकत नाही. ते तसेच चालवत राहणे म्हणजे न शाकारलेल्या छपराखाली पावसाळा काढणे. आडवाटेने नवी विंडोज बसवणे म्हणजे पुन्हा खटपटच. आणि परवान्याशिवाय ‘बसवून मिळणारी’ विंडोज तर वाडीतल्या सगळ्या रोगांचे माहेरघर. ज्या संस्थेकडे नवे यंत्र आणि खरा परवाना घ्यायला पैसे आहेत, तिने विंडोज ११ जरूर घ्यावी. तिचा पत्रा चांगला आहे. माझा सल्ला मुख्यतः त्या २०१६ च्या यंत्रांसाठी आहे.

इथे म्युनिकचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. उदाहरण खरे आहे, पण त्याच्या शेजारी दोन आणखी ठेवायला हवीत. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर आपली सिस्टीम उभी केली आणि ती टिकवली. आणि आपल्या जवळचे म्हणजे केरळ. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने, जो पुढे ‘काइट’ झाला, शाळांसाठी उबंटूवर आधारलेली एकच सिस्टीम तयार केली; तीच सगळ्या शाळांत, तीच शिक्षकांच्या प्रशिक्षणात, तीच दहावीच्या परीक्षेत. केरळच्या प्रत्येक शिक्षकाला लिनक्स दुरुस्त करता येते असे नाही. येण्याची गरज ठेवलेली नाही, हे त्या योजनेचे यश. खटपट एका ठिकाणी, जाणत्या माणसांनी, सगळ्यांच्या वतीने केली. आपल्याकडे सीडॅकने २००७ पासून डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही सिस्टीम दिली, पण महाराष्ट्रात तिच्याभोवती शाळांचा, परीक्षांचा असा संसार उभा राहिला नाही. सिस्टीम चांगली असणे आणि तिला सांभाळणारी व्यवस्था असणे यांतले अंतर या दोन राज्यांत मोजता येते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्यापुढे मी बऱ्याच अंशी हार मानतो. छापखान्यातला आणि डीटीपीच्या दुकानातला मराठी मजकूर वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या, पुण्यात घडलेल्या, विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठला आहे. तो युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट काढला की अक्षरांचा काला होतो. जत्रेच्या पावत्या आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याला मिंट घे म्हणणे म्हणजे त्याचा धंदा बंद कर म्हणणे. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या पतसंस्थेचे आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन रोज वापरणाऱ्या कार्यालयाचे तसेच. टोकनचे सॉफ्टवेअर आणि सरकारी पोर्टलच्या सोयी विंडोज डोळ्यांपुढे ठेवूनच बनतात. प्रिंटरचे तर विचारूच नका. भारतातल्या टेबलाटेबलांवर दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलते करणे ही शिकलेल्यालाही घाम फोडणारी खटपट आहे. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र लावताक्षणी चालतात. म्हणून सिस्टीम निवडण्याआधी टेबलावरचा प्रिंटर पाहावा. पुष्कळदा निर्णय तोच घेऊन मोकळा झालेला असतो. ही कामे ज्यांना आहेत त्यांनी विंडोजवरच राहावे. कमी देखभालीचे तत्त्व तेच सांगते. ज्यांचे मराठी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे इनस्क्रिप्टने किंवा उच्चारानुसार टाइप करणारे, त्यांना लिनक्सवर आज काही अडत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकायलाही मिळतात.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. खटपट केल्याशिवाय मूल शिकणार कसे? उघडणे, बिघडवणे, पुन्हा जुळवणे यांतूनच कारागीर घडतो. एक्सझेडचा चोर पकडला गेला तोही अशाच एका खटपट्या माणसामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर काम करत होता. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याला खटकले आणि त्याने धागा शेवटपर्यंत उसवला. तो शिळ्या, स्थिर सिस्टीमवर निवांत बसला असता तर आपण सगळे फसलो असतो. म्हणजे स्थिर सिस्टीम वापरणाऱ्याची शांत झोप कोणाच्या तरी जागरणावर उभी आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण जागरण कोणत्या यंत्रावर करायचे, हे ठरवायला हवे. देवघरातल्या समईवर कोणी वीजजोडणीचा अभ्यास करत नाही. वाचनालयाची दाखल नोंदवही ज्या संगणकात आहे, ज्यातून आंब्याच्या हंगामात रोज पेट्यांची बिले निघतात, शाळेचे निकाल ज्यात आहेत, तो शिकण्याचा संगणक नव्हे. शिकण्यासाठी कोपऱ्यात एक जुने यंत्र द्यावे, त्यावर आर्च बसवू द्यावे, जेंटू घटकाघटकाने जुळवू द्यावे, दहा वेळा मोडू द्यावे. त्या मुलांना कोणी आवरू नये.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा. आपोआप सगळे करणारी सिस्टीम म्हणजे किल्ल्या कंपनीच्या हाती देणे. क्रोमबुकच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. गूगलचे खाते नसेल तर ते यंत्र अर्धेच उरते, आणि आधाराची मुदतही, दहा वर्षांची असली तरी, कंपनीच ठरवते. आपोआप येणारे अपडेट सगळे गाव एकदम बंद पाडू शकते हेही जगाने पाहिले आहे: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, विमाने अडली. म्हणूनच माझा कल मिंटकडे किंवा डेबियनकडे आहे. तिथे किल्ली आपलीच राहते, फक्त रोज फिरवावी लागत नाही. पण सत्तर वर्षांच्या आजींना नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे आणि वर्तमानपत्र वाचायचे असेल, तर त्यांना मी क्रोमबुकच सुचवीन आणि स्वातंत्र्यावर व्याख्यान देणार नाही.

पुढच्या प्रकरणांत कृती आहे: जुन्या यंत्राची तपासणी, प्रिंटरची चाचणी, मिंट बसवणे, आपोआप दुरुस्त्या चालू करणे, टाइमशिफ्ट, आणि बाहेरच्या डिस्कवर महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत. ही प्रत मात्र कोणत्याही सिस्टीमवर चुकवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढले तेव्हा आत विंडोज आहे की लिनक्स हे त्याने विचारले नव्हते. पुस्तिका हाती आली म्हणून लगेच काही बसवायला घेऊ नका. आधी महिनाभर संगणकाशेजारी एक वही ठेवा आणि त्याच्यापायी गेलेला प्रत्येक तास लिहा, कोणाचा गेला त्या नावासकट. ते पान वाचल्यावरही बदल करायचाच असे वाटले तर करा, आणि काम झाल्यावर खोक्याच्या पुढच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: सिस्टीमचे नाव, बसवल्याची तारीख, आणि आधार संपण्याचे वर्ष. लिनक्स मिंट २२ असेल तर ते २०२९ आहे.